कच्चा मोतीबिंदू

माझे सासरे वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे माझं तोंड सुटणार आहे आणि ते ऐकून कोणालाही वाटेल की म्हातारा राक्षस असेल. राक्षस असता तर सोपं होतं, राक्षसाशी भांडता येतं. हा माणूस माझ्या लेकीला सकाळी उठल्याबरोबर अंगणात मांडीवर घेऊन बसायचा, तिच्या तळपायांना तेल चोळायचा, तिच्याशी जगभराच्या गप्पा मारायचा. आणि बोलता बोलता अंगठ्यानं तिची पापणी वर करून उन्हात तिचा डोळा पाहायचा. आंबे पिकायला घातले की आमच्याकडे रोज तणसात हात घालून एखादा दाबून पाहतात, तसा. मग पापणी सोडायचा आणि आत ऐकू जाईल असं म्हणायचा, "अजून कच्चाच हाय. पिकू द्या."

कच्चा म्हणजे मोतीबिंदू. पोरगी तेव्हा तीन महिन्यांचीही नव्हती.

माझं माहेर बल्लारपूरचं. बाबा पेपर मिलमध्ये होते, घराच्या मागून रेल्वे जायची. सासर आरमोरीच्या पुढे, जंगलाच्या काठावर, धान पिकवणारं गाव. नवरा जंगल खात्यात रोजंदारीवर जायचा. मी बारावी झालेली आणि ब्लाऊज शिवणारी, म्हणून सासरी माझं नाव पडलं होतं शहरवाली. सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. घरात सासरे, मोठे दीर, मोठी जाऊ, त्यांचा एक मुलगा आणि आम्ही दोघं. मोठी जाऊ म्हणजे घरातली बाई. मी तिला बाईच म्हणायची.

आता मूळ कुठे आहे ते सांगते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. नुकतेच. उलट्या सुरू झाल्या होत्या, पोट दिसत नव्हतं. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, सगळं गाव चिखलात. तेव्हा जावेच्या मुलाला ताप आला. अंगावर बारीक लाल पुरळ, कानामागे गाठी. घरात म्हणाले, गोवर आहे, माय आली. आमच्या दारावर पंचशीलाचा झेंडा, आणि चौकटीला लगेच कडुलिंबाचा डहाळा. मी हसले तर जाऊ म्हणाली, "तुले काय समजते." दवाखान्यात न्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, पोराला एका खोलीत ठेवायचं आणि बाईमाणसानं त्याच्याजवळ बसायचं, अशी पद्धत. आता जवळ बसणार कोण? जाऊ रोवण्याला जाणार, तिचा हात चालतो. माझा चिखलात चालत नव्हता, मी उलट्या करत होते. मग मीच बसले. त्याचं तोंड पुसलं, त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या उष्ट्या पेल्यातलं पाणीही प्याले असेन.

पोरगं दोन-चार दिवसांत खेळायला लागलं. पुढं मलाही बारीक ताप आला, छातीवर पुरळ उठलं आणि गेलं. कोणी दाराला डहाळाही लावला नाही. जाऊ म्हणाली, "पोटुशीले उष्णता होतेच." मी मान हलवली. मला तरी काय माहीत होतं. त्या पुरळाला रुबेला म्हणतात, लेकरांना तो काही करत नाही आणि पोटातल्या लेकराचं मात्र वाटोळं करतो, हे मला बारावीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं. कवितेचे अर्थ शिकवले, पानिपतच्या लढाया शिकवल्या.

आणि हे होऊच नये यासाठी सुई असते. ती सुई आमच्या गावच्या शाळेत येऊन गेली होती, माझं लग्न व्हायच्या आधी. फुकट. सगळ्या मुलांना टोचली. जावेनं त्या दिवशी आपल्या मुलाला शेतातल्या झोपडीत नेऊन बसवलं, कारण मोबाइलवर कोणीतरी पाठवलं होतं की या सुईनं पोरांना पुढं लेकरं होत नाहीत. हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. अजून उतरलेली नाही.

पोरगी झाली उन्हाळा लागता लागता. वजनाला कमी, आवाज मोठा. सगळे म्हणाले बारीक आहे पण चिवट आहे. नाव ठेवायच्या दिवशी नवऱ्यानं मोबाइलवर फोटो काढला, घरात अंधार होता म्हणून लाईट मारून. रात्री तो फोटो आम्ही दोघं पाहत होतो. तिच्या एका डोळ्यात मध्यभागी लाल ठिपका आला होता, थोडा मळकट. दुसऱ्यात पांढरा. दुधाचा थेंब पडल्यासारखा पांढरा. नवरा म्हणाला, मोबाइल भंगार आहे. त्यानं पुन्हा फोटो काढला, पुन्हा तसंच. मग तो मोबाइल उशीखाली ठेवून झोपला. मी जागीच होते.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला उजेडात नेऊन पाहिलं. डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी होती. उजव्या डोळ्यातही धुकं होतं, पण थोडं, कडेनं काळं दिसायचं. डावा डोळा उजव्याहून जरा लहानच होता. मी सगळ्यांना दाखवलं. सासऱ्यांनी पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. खरं सांगते, उजळला. कारण हा आजार त्यांच्या ओळखीचा होता.

त्यांचा स्वतःचा मोतीबिंदू शिबिरात काढलेला. आमच्या भागात शिबिराची गाडी येते, म्हाताऱ्या माणसांना भरून नेते, आणि दोन दिवसांनी काळे चष्मे घातलेली ती माणसं रांगेनं उतरतात. सासरे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना परत पाठवलं होतं. पिकला नाही, पुढच्या वर्षी या, असं कोणीतरी सांगितलं. पुढच्या वर्षी गेले, पिकलेला होता, काढला, छान दिसायला लागलं. तेव्हापासून गावात कोणाच्या डोळ्याला काही झालं की माझे सासरे तज्ज्ञ. लोक त्यांच्याकडे डोळा दाखवायला यायचे. हे पापणी उचलायचे आणि निकाल द्यायचे, पिकला किंवा नाही. पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्यांचे डोळे त्यांनी असेच पाहिले होते आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघालं होतं. मग नातीचा डोळा ते दुसऱ्या कोणाला कशाला पाहू देतील?

"घाबरू नको," ते मला म्हणाले. "मोतीबिंदू हाय. निघते. पन कच्चा काढला त डोया फुटते. पिकू दे."

मी म्हटलं, "मामाजी, एवढ्याशा लेकराले मोतीबिंदू कसा होईल?"

"झाला न. तुह्या समोरच हाय."

मी हट्ट धरला म्हणून नवरा आम्हाला तालुक्याच्या गावी घेऊन गेला. तिथले डॉक्टर लहान मुलांचे नव्हते, डोळ्यांचेही नव्हते, सगळ्यांचे होते. त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "जन्मजात मोतीबिंदू आहे. पण इतक्या लहान जिवाला भूल कशी देणार? वर्षाची होऊ द्या, अंगात जीव येऊ द्या, मग पाहू." एवढं शिकलेला माणूस. फोन उचलून नागपूरला एखाद्या डोळ्याच्या डॉक्टरला विचारायला त्याचं काय जात होतं? नाही माहीत तर नाही माहीत म्हणायचं. पण खुर्चीवर बसलं की माहीत नाही हे शब्द तोंडातून निघत नाहीत. आम्ही घरी आलो आणि सासऱ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यांचंच बरोबर होतं. आता तर डॉक्टरनंही सांगितलं होतं.

मग आम्ही वाट पाहिली. सगळं घर वाट पाहत होतं. सासरे रोज सकाळी अंगणात बसून पाहायचे. शेजारच्या बाया विचारायच्या, "पिकला का वो?" जसा काही फणस आहे. जाऊ म्हणायची, "पिकन, घाई काय." आंबे उतरले, आंबे संपले, मृग लागला, पुन्हा रोवणे आले, आणि मी शिवणयंत्रावर बसून पोरीकडे पाहत राहायची.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. हे कोणाला सांगू? माझ्या बांगड्या वाजल्या की हसायची, पण दाराकडे तोंड करून हसायची. मी वाकले, तिच्या अगदी नाकाशी नाक लावलं, तरी तिची नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे. शेजारच्या घरी तिच्या मागून झालेलं बाळ आईचं तोंड दिसलं की हातपाय झाडायचं. माझी पोरगी उजव्या डोळ्याच्या कडेनं खिडकीतला उजेड शोधत राहायची. मग तिचे डोळे थरथरायला लागले. दोन्ही बुबुळं सारखी इकडून तिकडे, थांबतच नव्हती. मी सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले, "पिकून राह्यला असन."

पोळ्याला मी माहेरी बल्लारपूरला गेले. माझ्या आईनं पोरीला हातात घेतलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "ही पाहत काऊन नाई?" मी सगळं सांगितलं, पिकण्याचं, वर्षाचं. आई काही डॉक्टर नाही. पण तिला राग येतो, तो मला तिच्याकडूनच आला आहे. ती म्हणाली, "तुहा सासरा काय हापिसर हाय का डोयाचा? उद्या गाडीनं नागपूर." सासरी फोन करून विचारायचं तिनं मला सुचूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी पोरीला घेऊन गाडीत बसलो.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात एक बाई डॉक्टर होत्या. मला वाटतं सकाळपासून त्यांनी शंभर डोळे पाहिले असतील. त्यांनी पोरीच्या डोळ्यांवर उजेड टाकला, डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, आणि माझ्यावर ओरडल्या.

"किती महिन्यांची आहे?"

"सहा."

"सहा महिने काय करत होता तुम्ही?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पिकायची वाट पाहून राह्यलो होतो. तुमच्यासारख्याच एका डॉक्टरनं वर्षभर थांबाले सांगितलं. ओरडायचं असन त त्याच्यावर ओरडा."

 त्यांनी स्टूल ओढलं आणि मला बसवलं. जे कोणीच सांगितलं नव्हतं ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसानं आयुष्यभर पाहिलेलं असतं. त्याच्या मेंदूला पाहता येतं, फक्त समोर पडदा आलेला असतो. तो आज काढला काय, वर्षानं काढला काय, पडदा गेला की दिसतं. बाळाचा मेंदू जन्मल्यावर पाहायला शिकतो, पहिल्या काही महिन्यांत. डोळ्यावर पडदा असेल तर तो शिकतच नाही. आणि शिकायची वेळ निघून गेली की मग काच कितीही स्वच्छ करा, आत पाहणारं कोणी नसतं. म्हणून बाळाचा मोतीबिंदू पिकू द्यायचा नसतो. दिसला की पळत यायचं असतं, दीड-दोन महिन्यांच्या आत.

दीड-दोन महिने. मी तेव्हा अंगणात पिकलं का नाही ते ऐकत होते.

मी विचारलं, आता? त्या म्हणाल्या, उजव्या डोळ्यात पडदा पातळ आहे, कडेनं थोडं दिसत असणार, तो शिकला असेल. डाव्याचं मी वचन देत नाही. मग त्यांनी विचारलं, पोटात असताना पुरळ-ताप आला होता का? मी हो म्हटलं. माझं आणि पोरीचं रक्त तपासलं, तिचे कान तपासले, हृदय तपासलं. कान बरे निघाले, हृदयाला एक बारीक छिद्र निघालं, ते पुढं आपोआप बुजलं. रक्तात रुबेला निघाला. जावेच्या मुलाला मांडीवर घेऊन बसले होते, तो दिवस मला आठवला. मी त्या दवाखान्याच्या जिन्यावर बसून इतकी रडले की आई मला सोडून पोरीलाच सांभाळत बसली.

ऑपरेशनं झाली, आधी एका डोळ्याचं, काही दिवसांनी दुसऱ्याचं. भूल दिली आणि काही झालं नाही, ती उठली आणि भूक लागली म्हणून रडली. मग थेंब, थेंबांवर थेंब, पुन्हा तपासणी, डोळ्यातला दाब वाढतो का ते पाहायला पुन्हा भूल. आणि चष्मा. सहा-सात महिन्यांच्या पोरीला भिंगासारखा जाड चष्मा, मागून इलॅस्टिकचा पट्टा. तो पहिल्यांदा घातला तेव्हा तिनं डोकं हलवलं, आणि उजव्या डोळ्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्यांदा माझ्याकडे. मग माझ्या कपाळावरची टिकली ओढायला तिनं हात पुढे केला. माझ्या पोरीनं माझं तोंड सहा महिन्यांनी पाहिलं, आणि ज्याला याचा राग येणार नाही त्यानं माझ्याशी बोलू नये.

गावी आलो तर चष्म्यातलं बाळ पाहायला अर्धं गाव जमलं. हसले. एक जण म्हणाला, मास्तरीण आली. मी सरळ आत गेले आणि जावेला विचारलं, "बाई, पोराले त्या दिवशी सुई काऊन नाई टोचू दिली?" ती आधी गोंधळली. मग म्हणाली, "मी काय मुद्दाम केलं का? सगळे सांगून राह्यले होते. आई हाय मी." मी म्हटलं, मीही आई आहे. तिच्या मुलाला काही झालं नाही, तीन दिवस ताप आला आणि गेला. तिच्या भीतीचे पैसे माझ्या पोरीनं भरले. मी खूप बोलले, नको तेही बोलले. नवरा म्हणाला, जाऊ दे. मी त्यालाही सोडलं नाही. जाऊ त्या दिवशी जेवली नाही. पण दुसऱ्या आठवड्यात उपकेंद्रावर नेऊन तिनं मुलाला राहिलेली सुई देऊन आणली, मला न सांगता. मी पाहिलं. पण माफ केलं नाही.

डॉक्टर बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. अशा बाळाच्या लाळेतून, लघवीतून हा रोग वर्षभर तरी पसरू शकतो, गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नका. आता गावात हे कसं सांगणार? शेजारच्या सुनेला दिवस गेले होते, ती लाडानं पोरीला घ्यायला आली. मी दारात आडवी उभी राहिले. ती चिडून गेली. गावभर झालं की ही शहरवाली आपल्याच पोरीला विष म्हणते. म्हणू दे म्हटलं. तिला धडधाकट बाळ झालं तर म्हणाले, पाहा, काही झालं का? उगाच तमाशा केला.

खरी लढाई पुढं होती. डावा डोळा स्वच्छ झाला, पण पाहत नव्हता. डॉक्टर बाई म्हणाल्या, अजून थोडी आशा आहे. रोज काही तास चांगला डोळा पट्टी लावून झाकायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. आळशी पोराला कामाला लावायचं, तसं. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. दिसणारा एकच डोळा, तो चिकटपट्टीनं बंद केला की पोरगी अंधारात पडायची. किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची, पट्टी ओरबाडायची. मी तिचे हात धरून बसायची. बाया दारातून पाहायच्या आणि म्हणायच्या, "दिसते तो डोया बांधते. बाई हाय का कसाई." मी पट्टी लावायची आणि शिवायला बसायची, कारण शिवलं नाही तर नागपूरच्या फेऱ्या कशानं करायच्या. पोरीला सासरे सांभाळायचे.

तपासणीला गेलो की डॉक्टर बाई विचारायच्या, पट्टी नीट लावता ना? मी शपथेवर सांगायची, रोज. त्या म्हणायच्या, मग फरक का पडत नाही? असं बरेच महिने चाललं. एक दिवस वीज गेली, गिऱ्हाइकाचं काम अर्धं टाकून मी लवकर अंगणात आले. सासरे पोरीला मांडीवर घेऊन बसलेले. तिच्या डोळ्यावरची पट्टी त्यांनी ओल्या फडक्यानं हळूच, तिला दुखू नये म्हणून अगदी हळूच सोडवली होती, आणि ती आपल्या मांडीवर चिकटवून ठेवली होती. पोरगी उजव्या डोळ्यानं कोंबड्या पाहून हसत होती. माझी चाहूल लागली तशी त्यांनी पट्टी उचलली आणि परत लावायला घेतली. हात सरावलेला होता.

मी ओरडले. सासऱ्यांच्या अंगावर, सगळ्या शेजाऱ्यांसमोर. म्हटलं, "मामाजी, आधी पिकवत बसले, एक डोया त्यात गेला. आता त्याची उरली आशा बी घालवता का?" त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. म्हणाले, "रडते वो ते. माह्यानं पाहवत नाई." मला तेव्हा म्हाताऱ्याची दया यायला हवी होती. नाही आली. ज्याच्यानं तिचं रडणं पाहवत नाही, त्याच्यासाठी तिनं जन्मभर एका डोळ्यानं पाहायचं? मला रडणं पाहवत होतं काय? माझ्या छातीत काय दगड होता? ज्याला पाहवतं त्यालाच कसाई म्हणतात, आणि जो पट्टी काढतो तो मायाळू आजोबा.

त्या दिवसापासून मशीन अंगणात आणलं. पोरीला पायाशी बांधल्यासारखी बसवून शिवायची. पण उशीर झाला होता. पुढच्या काही वर्षांत डाव्या डोळ्याला उजेड कळायला लागला, समोर काही हललं तर कळायला लागलं, आणि तिथंच थांबलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता पट्टी बंद केली तरी चालेल. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

आता पोरगी दुसरीत आहे. उजव्या डोळ्यानं, जाड चष्म्यातून, पहिल्या बाकावर बसून वाचते. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आणि माझे सासरे गावात काय सांगतात माहीत आहे? ते सांगतात, "आमच्या नातीचा कच्चाच काढला. सून ऐकत नाई. म्हनून एक डोया वाया गेला." अगदी दुःखानं सांगतात, डोळे पुसत. त्यांच्या हिशोबात ते खरंच आहे. आणि लोक माना हलवतात.

मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या टोलीतली, म्हणजे छोट्या वस्तीतली, एक बाई आपलं बाळ दाखवायला त्यांच्याकडे येऊन गेली. मी बाजाराला गेले होते. परत आले तर सासरे म्हणाले, "महिन्याभराचं पोरगं हाय, दोन्ही डोयात मोतीबिंदू. म्या सांगतलं, पिकू द्या. आमच्यावानी घाई करू नोका."

मी पिशवी तिथंच टाकली. भांडायला थांबलेच नाही, भांडून काय मिळणार होतं? पोरीचा हात धरला आणि टोलीकडे निघाले. ती विचारत होती, कुठं, मी सांगितलं नाही.

बाई दारात शेंगा फोडत बसली होती. मांडीवर बाळ, डोक्यावर गोंड्याची टोपी. सासू बाजूला. मी सगळं सांगितलं, जे मला स्टुलावर बसवून सांगितलं होतं ते सगळं. सासू म्हणाली, "पन तुह्या पोरीचा तर कच्चा काढला म्हनूनच बिघडला म्हने. तुह्या सासऱ्यानंच सांगतलं." आणि ती सून माझ्या पोरीच्या चष्म्याकडे पाहत राहिली. माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तेव्हा मी माझ्या पोरीला पुढे ओढलं. तिचा चष्मा जागीच ठेवून उजवा डोळा तळहातानं झाकला.

"समोर कोन हाय?"

"कोनीतरी हाय. हलून राह्यलं."

"बाई हाय का मानूस?"

"मालूम नाई."

मग हात काढला आणि डावा डोळा झाकला. "आता?"

"काकू हाय. नाकात फुली हाय. बाळाच्या टोपीचा एक गोंडा तुटला."

मी त्या सुनेला म्हटलं, "दोन्हीइचं ऑपरेशन झालं, दोन्ही कच्चेच काढले. जो शिकला होता त्याले गोंडा दिसते. ज्याले आमी पिकवत बसलो त्याले तू बी दिसत नाईस. आता सांग कोनता पायजे." सासू काहीतरी बोलायला लागली. सून उठली, शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, आणि म्हणाली, "गाडी किती वाजता असते?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मी तिला आणि तिच्या नवऱ्याला स्वतः बसवलं, डॉक्टर बाईंचा विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते सांगून. बाळाचं ऑपरेशन वेळेत झालं. त्याच्या डोळ्यांचं काय होतं ते पुढं कळेल, पण वेळेत झालं.

पण मी सांगणार होते ते त्या संध्याकाळचं. टोलीतून परत येताना पोरगी माझ्या हातातून हात सोडवून पुढे चालत होती. बांधावरून, तोल सांभाळत. एका डोळ्यानं खोल-उथळ तिला कळत नाही, म्हणून बांधावर ती माझा हात कधी सोडत नाही. त्या दिवशी सोडला. मी दोनदा हाक मारली, वळली नाही. मग न वळताच तिनं विचारलं, "मम्मी, माहा हा डोया खराब हाय हे तू सगळ्याइले काऊन दाखवतं?"

माझ्या डोक्यात अजून सासरे होते, ती म्हातारी होती, राग होता. त्या रागातच मी उत्तर दिलं. "ते बाळ तुह्यावानी होऊ नये म्हनून."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. ती थांबली. तिनं चष्मा वर सरकवला. रडली नाही. रडली असती तर मी तिला पोटाशी धरलं असतं, काहीतरी सांगितलं असतं.

"हो," ती म्हणाली. "माह्यावानी नोको व्हाले त्यानं." आणि पायानं बांध चाचपत पुढे चालायला लागली.